ऐंशी-डी काकू आणि आण्णांचं ताट

ऐंशी-डी काकू माणसाचं नाव विचारायच्या आधी वय विचारायच्या. दारात पाय ठेवला की, "पावणं, वय किती?" समोरचा बावरला तरी त्यांना त्याचं काही नसे. उत्तर ऐकलं की त्यांच्या डोक्यात विम्याच्या हप्त्याचा आकडा तयार, आणि तो कंपनीच्या आकड्याशी जुळला की त्या स्वतःच टाळी वाजवायच्या. आरोग्य विमा विकताना इतकी खुशीत असलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

आरोग्य विम्याच्या हप्त्यावर प्राप्तिकरात सूट मिळते ती कलम ऐंशी-डी खाली. काकू हे कलम देवाचं नाव घ्यावं तसं घ्यायच्या, म्हणून आमच्या गल्लीनं त्यांचं बारसंच करून टाकलं. जवळच्या गडमुडशिंगी गावाहून मोपेडवर यायच्या आणि कोल्हापूरच्या बऱ्याच बायकांसारखं "मी येतो, मी सांगतो" असं बोलायच्या. तेही असं, की चार घरांना ऐकू जावं.

माझा समज होता, हप्ता भरला की तेवढी रक्कम करातून कमी होते. काकू हसून बेजार झाल्या. रक्कम करातून नाही, ज्या उत्पन्नावर कर बसतो त्यातून वजा होते. तीही ठरलेल्या मर्यादेपर्यंत, जुन्या करपद्धतीत असाल तरच, आणि हप्ता रोखीनं दिला असेल तर तीसुद्धा नाही. त्यांनी हे इतक्या रंगात येऊन सांगितलं की मलाही स्फुरण चढलं. बायकोनं स्वयंपाकघरातून येऊन विचारलं, लॉटरी लागली का.

मग त्यांनी आमची पॉलिसी मागितली. त्यात आम्ही सगळे एकत्र होतो. मी, बायको, दोन पोरं, आई, आणि सगळ्यात वर आण्णा, म्हणजे माझे वडील. मीच हौसेनं तसं लिहायला लावलं होतं. घरातलं थोरलं माणूस वर पाहिजे, त्याशिवाय मान कसा राहणार?

"पत्रिका छापलीस व्हय रं लग्नाची?" काकू म्हणाल्या. "नाव वर असू दे न्हायतर खाली. एका पॉलिसीत म्हंजी एका परातीत बसला न्हवं सगळी? मग हप्ता सगळ्यात थोरल्याच्या वयावर. आण्णांस्नी वेगळं काढ."

तो शब्द आण्णांनी बाहेरच्या खोलीत ऐकला. आमच्याकडं वेगळं काढणं म्हणजे भांडण, वाटणी, दोन चुली. उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर उभं राहून ज्यांनी हे घर बांधलं, त्या आण्णांच्या काळजात तो घुसला. रात्री ते जेवले नाहीत. मला विमाच नको, माझं नाव काढून टाका, एवढंच म्हणाले. मला धडकी भरली. त्यांना साखरेचा आजार होता, आणि उद्या काही झालं तर हातात काय, हा प्रश्न माझ्यापुढं उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. आईकडून ताट वाढून घेतलं, त्यावर दुसरं ताट पालथं घातलं आणि आण्णांच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"आण्णा, उशिरा येणाऱ्या माणसाचं ताट झाकून ठेवत्यात. ते काय त्याला वेगळं काढायला? परातीतलं पोरं आधी संपवत्यात. तुमची वेगळी पॉलिसी म्हंजी हे ताट, ह्याला कुणी हात लावायचा न्हाय, हे तुमचंच."

आण्णांनी ताट जवळ ओढलं. मग झाकण काढलं आणि जेवले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

पण काकूंचं संपलं नव्हतं. आता साखरही अर्जात लिहायची, म्हणाल्या. आण्णांनी साखर इतकी लपवली होती की लोकांकडं मुद्दाम दोन पेढे खायचे. गल्लीत कळेल, असं ते पुटपुटले.

"गल्लीला कवाच म्हाईत हाय. कंपनीला तेवढं न्हाय."

साखर लिहिली आणि आण्णांचा हप्ता वाढला. पण आईचीही पॉलिसी वेगळी काढल्यामुळं आमच्या परातीचा उतरला, कारण आता तिथं थोरला मी होतो. वर आई-वडिलांच्या हप्त्याला करसवलतीची वेगळी मर्यादा मिळाली, तीही साठी ओलांडलेल्यांची, मोठी. हे मी काकूंच्या आधी बोललो. त्यांनी तालमीतल्या पैलवानासारखा शड्डू ठोकला आणि म्हणाल्या, पोरगं तयार झालं.

काही वर्षांनी आण्णांच्या छातीत दुखलं, हृदयाची तुंबलेली शीर उघडावी लागली. कंपनीनं साखरेचं विचारलं. ती अर्जातच होती, आणि आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी काही वर्षं थांबायला लावते ती मुदतही सरली होती. क्लेम पास झाला तेव्हा काकू दवाखान्यात इतक्या मोठ्यानं ओरडल्या की नर्सनं त्यांना बाहेर काढलं. बाहेर जाऊन पुन्हा ओरडल्या. त्या दिवसापासून आण्णा कट्ट्यावर छाती पुढं काढून सांगतात, माझी पॉलिसी वेगळी आहे.

यंदा काकूंचे गुडघे गेले. मोपेड विकली, आणि लेक त्यांना पुण्याला न्यायला आली. आम्ही निरोपाला गेलो तर त्या गाडीत गप्प बसलेल्या. तो आवाज नसलेल्या काकू मला बघवेनात.

"पोरीनं माझी पॉलिसी वेगळी काढली," त्या हळूच म्हणाल्या. "हिशोब बरोबर हाय, मीच शिकवलाय तिला. पर कागद बघितला आन् वाटलं, मलाच वेगळं काढलं की ओ."

आण्णा काठी टेकत पुढं झाले. खिडकीत वाकून त्यांनी विचारलं, "वैनी, वय किती?"

काकूंना हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी डोळे पुसत सांगितलं.

"मग ताट झाकूनच ठेवलं पायजे की," आण्णा म्हणाले.

काकू हसल्या, पहिल्यासारख्या, चार घरांना ऐकू जाईल अशा.