मोरी-सानना मी ‘डाफ्ट’ म्हणालो

जपानमध्ये परदेशी माणसाला भाड्याचं घर मिळायला महिने लागतात. घालवायला एक इंग्रजी शब्द पुरतो.

तो शब्द ‘डाफ्ट’. आमच्या ऑफिसातला इंग्रज मॅनेजर तो दिवसभर वापरतो. उशिराबद्दल माफी मागितली की, “डोन्ट बी डाफ्ट!” अर्थ विचारला तर म्हणाला, “मूर्ख, पण मायेने. आपल्या माणसालाच म्हणायचं.” म्हणजे आपलं ‘येडपट’! मला शब्द भलताच आवडला. (नवा बूट आणि नवा शब्द आधी घरात वापरून बघावा, हे मला कोण सांगणार?)

टोकियोजवळच्या ग्योतोकुतल्या आमच्या घराचा करार संपत आला होता. तो वाढवणं मालकीणबाईंच्या, म्हणजे मोरी-सानच्या हातात. लेकीची शाळा समोरच, त्यामुळे घर सोडायची कल्पनाही नको वाटायची. अशात मोरी-सान स्वतः मिठाईचा खोका घेऊन आल्या. इथल्या रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी तो पुढे करत वाकून म्हणाल्या, “अगदीच क्षुल्लक वस्तू आहे.”

आता, पाहुण्याने काही आणलं की आपण आधी त्याला रागावतो! मी खोका मागे सारला आणि प्रेमाने ओरडलो, “डोन्ट बी डाफ्ट, मोरी-सान!” वर जपानीत, “हे कशाला आणलंत?”

मोरी-साननी फोनवर शब्दाचा अर्थ पाहिला. खोका पिशवीत परत ठेवला, वाकल्या आणि गेल्या.

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. “अरे, काय बोललास त्यांना?”

“येडपट म्हणालो. मायेने!”

“आणि खोका?”

“त्यांनी आग्रह करायला नको का?”

“इथे नको म्हटलं की नकोच असतं रे!”

डब्यात बेसनाचे लाडू भरून आम्ही तिघं मोरी-सानच्या दारात. मी कमरेत वाकलो. चौथीतली आमची लेक इरा जपानीत बराच वेळ समजावत होती. मोरी-सान तोंडावर हात ठेवून हसल्या.

“काय सांगितलंस गं?” मी विचारलं.

“की आमच्याकडे हवं असलं तरी आधी नको म्हणतात. आणि बाबा आईला, मला, आजीलासुद्धा येडपट म्हणतो.”

“मग? करार?”

“करणार आहेत. पण यापुढे फक्त आईशी बोलणार.”

“मी लग्नापासून सगळ्यांना हेच सांगतेय,” बायको म्हणाली.

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर तिघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं आणि पुन्हा वाकलो. मोरी-सान कौतुकाने काहीतरी पुटपुटल्या.

“गप्प असले की किती सुसंस्कृत वाटतात, असं म्हणतायत,” इराने भाषांतर केलं.

जपानात आल्यापासून माझ्या शिष्टाचाराची झालेली ही पहिली स्तुती. तिच्यासाठी मला एक शब्दही शिकावा लागला नाही!