दहा माणसांची बाटली

मी सगळ्यात जास्त कुणाचं देणं लागत असेन, तर ते आमच्या उपकेंद्राच्या नर्सअक्कांचं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आमचं गाव कर्नाटकात, पण घरात मराठीच; हॉस्टेलचा कन्नड फॉर्म त्यांनीच शेजारी बसून भरून घेतला होता. बी.ए. होऊन रिकामा बसलो, तेव्हा लसीकरणात नावं नोंदवायचं तात्पुरतं कामही त्यांनीच मिळवून दिलं.

सुरुवातीला शाळेपुढं रांग मावत नव्हती. दुसरी लाट ओसरली तशी रांगही ओसरली. दारात गेलं की माणसं म्हणायची, "आता कुठं हाय कोरोना? सोयाबीन काढायलोय, मागून बघू." एका बाटलीत दहा जणांची लस. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय बाटली उघडायची नाही, अशी आमची रीत पडली होती.

माझे वडील, अप्पा, मेंढरं राखतात. त्यांना दमा आहे. दुसऱ्या लाटेत त्यांच्या चुलतभावाला हुलसूरच्या पलीकडं दवाखान्यात नेता नेताच आम्ही गमावलं. त्यामुळे अप्पांचा दुसरा डोस कधी होतो, हाच घोर मला लागला होता. मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून ते शाळेत आले, त्या दिवशी सातच माणसं होती. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून मीच म्हणालो, "अप्पा, उद्या या." दुसऱ्या दिवशी आठ झाली. पुन्हा मीच त्यांना माघारी धाडलं.

"मेंढरं मोजल्यावानी माणसं मोजायलास व्हय रे?" अप्पा सगळ्यांदेखत म्हणाले. "आता तुजी सुई माझ्या दारात आली तरी घेत न्हाई."

ते आले नाहीत. त्यांच्याबरोबर परत गेलेलेही आले नाहीत. वहीत मी त्यांच्या नावापुढं 'तयार नाहीत' असं लिहिलं. अक्कांनी ते वाचलं.

"तयार न्हाईत व्हय? आले हुते, आपणच धाडलं की माघारी." मग त्यांनी विचारलं, "शाळेत जमत न्हाईत, तर तुमची दहा माणसं जमतात कुठं?"

मी म्हणालो, "कातरणीला."

लोकर कातरायच्या दिवशी आमच्यात भावकी, मेहुणे, शेजारी आपापल्या कात्र्या घेऊन येतात. मजुरी कुणी घेत नाही, ज्याची मेंढरं त्यानं जेवू घालायचं. दिवाळीनंतर आमची पाळी होती. त्या सकाळी अक्का लसीचा डबा खांद्याला अडकवून थेट रानात आल्या.

"आमची बी लोकर कातरता का बाई?" एका म्हाताऱ्या मामानं विचारलं.

"डोक्यावर कुठं उरलीय, मामा? दंड तेवढा दाखवा."

सगळे हसले. तरी पुढं आली सहाच माणसं. अप्पा मान खाली घालून मेंढीच्या पाठीवर कात्री चालवत होते. मी सवयीनं मोजायला लागलो, तोच अक्कांनी बाटलीचं झाकण काढलं.

"अक्का, सहाच हायत!"

"मोजू नको. उरली तर मी लिहून देते वाया गेली म्हणून."

कात्रीचा आवाज थांबला. अप्पांनी मेंढी सोडली, हात धोतराला पुसले. "कामून उघडली? आमच्यासाठी?"

"तुमच्यासाठीच, अण्णा. दोनदा चालून आलात."

अप्पांनी डाव्या हाताची बाही वर केली. त्यांच्यामागून आणखी दोघं उठले. एका माणसाची लस वाया गेली आणि अक्कांनी ती खरंच लिहून दिली. सुई टोचल्यावर अर्धा तास बसायचं असतं. अप्पा कुरकुरत लिंबाखाली बसले होते आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला होता.

पुढं अक्कांची बदली कलबुर्गीकडं झाली. तिसऱ्या लाटेत अप्पांना ताप आला. अक्का रोज फोन करून विचारायच्या, पण रेंज तुटून बोलणं अर्धंच राहायचं. अप्पा बरे झाल्यावर मी अक्कांना हे पत्र पाठवलं:

"अक्का, नमस्कार. अप्पा चार दिवस तापानं पडून होते. खोकला होता, पण दम लागला नाही. पाचव्या दिवशी भाकरी मागून घेतली, आज मेंढरांमागं गेले. लसीमुळंच झालं, असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. अप्पा मात्र सांगतात, आणि मीही तेच मानतो. परवा बूस्टरला तीनच माणसं आली होती. नव्या नर्सबाई थांबू म्हणाल्या. मी म्हणालो, उघडा, लिहून मी देतो. त्यांनी उघडली. दुपारपर्यंत आणखी पाच जण आले."