चिनी औषध आणि गुंदची राखण

काष्ठौषधीच्या दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात. हिरड्याला कीड लागते, हळकुंडाला बुरशी येते, किस्सा मात्र जुना होईल तसा मुरतो! रामनगरात माझं असं दुकान आहे. बाहेर एक बाकडं आहे, आणि त्यावर गिऱ्हाइकांपेक्षा गप्पिष्टच फार. गेलं वर्षभर त्या बाकड्यावर एकच विषय चालला होता, पुंडलिकअण्णांची झोप.

अण्णा गुंद गावचे. जन्मभर भाताच्या शेतात उंच खांबांवर बांधलेल्या माळ्यावर बसून, पत्र्याचा डबा बडवून रानडुकरं हाकलली. रात्रीची राखण त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, शेवंताक्कांनी, वाटून घेतलेली. एकाची पाळी संपली की दुसऱ्यानं माळ्यावर चढून मोठ्यानं हाळी घालायची, "ओऽऽ, मी हायऽऽ!" ती ऐकली की पहिल्यानं खोपीत डोळे मिटायचे. मग एकदा अण्णा माळ्यावरून पडले, पाय मोडला आणि मुलगा दोघांनाही रामनगरला घेऊन आला. इथं हाड जुळलं, पण झोप उडाली. जरा डोळा लागला की दचकून उठायचे, छातीत धडधड. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे!

*

हायवेवर ट्रकनं हॉर्न मारला की अण्णा उठून डबा बडवायचे. सगळी गल्ली जागी! मुलानं वैतागून डबा लपवून ठेवला. मीही समजावून बघितलं.

"अण्णा, इथं कुठलं शेत आणि कुठली डुकरं?"

"व्हय की! मी आल्यापास्नं एक तरी शिरलंय काय रामनगरात?"



*

माझी भाची गोव्यात एका मसाज सेंटरमध्ये कामाला आहे. तिनं अण्णांसाठी चिनी औषध पाठवलं. चीनमध्ये म्हणे जीव घाबरा झाला, झोप मोडायला लागली की पिढ्यान्‌पिढ्या हाच काढा देतात. सोनेरी डबा, वर ड्रॅगन! बाकड्यावरची मंडळी श्वास रोखून बसली. डबा उघडला तर आत गहू, जेष्ठमध आणि सुकवलेली लाल बोरं.

आमच्या बाकड्यावर एक रिटायर्ड मास्तर असतात. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझ्या बरणीतला जेष्ठमध कुणी फुकट घेईना. हा फॉरेन रिटर्न झाला म्हणून औषध काय रे?"

मी गुपचूप काढा उकळायला ठेवला.

*

मास्तरांचा असल्या औषधांवर विश्वास नाही. "काय होत न्हाई, आधी मी पिऊन दावतो," म्हणाले, कपभर काढा प्यायले आणि बाकड्यावरच आडवे झाले. आता घरून मटणावर ताव मारून आले होते, तेव्हा चीनला किती श्रेय द्यायचं ते तुम्हीच ठरवा! त्यांना जोयड्याला जायचं होतं, ती बस आली आणि गेली. अण्णा मात्र काठी घेऊन त्यांच्या चपलांशेजारी ताठ बसलेले.

"अण्णा, तुम्ही घेतला काय काढा?"

"न्हाई. एवढं सुखानं निजलंय माणूस. कुणीतरी राखाय नको?"

*

उरलेला डबा मी शेवंताक्कांच्या हाती दिला. काढा कसा करायचा ते भाचीनं फोनवर नीट सांगितलं होतं. पण अक्कांनी गहू बघितला, बोरं बघितली आणि हात आपोआप गुळाकडं गेला. आमच्याकडं गहू शिजायला पडला की त्याची हुग्गीच होते, म्हणजे गव्हाची खीर. नारळाचं दूध, वेलची, वर तूप!

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा तक्रार घेऊन हजर.

"औषध लई भारी हाय. पोरगा निजला, सून निजली, नातवंडं निजली. घोरण्यानं कौलं हलत हुती!"

"आणि तुम्ही?"

"समदीच निजली म्हटल्यावर मी कसा निजू?"

*

पुढं पुढं थट्टा करवेना. अण्णा खंगत चालले होते. एका संध्याकाळी पिशवी भरून बाकड्यावर येऊन बसले. "उद्याच्या गाडीनं गुंदला जातो. एकटाच. तिथं माळ्यावर तरी पाठ टेकंल." त्या पायानं माळा चढायचा म्हणजे पुन्हा पडणं ठरलेलं. मुलगा रडकुंडीला आला, आणि खरं सांगतो, मलाही गलबलून आलं. शेवंताक्का आल्या. पिशवी उचलली आणि अण्णांना घरी घेऊन गेल्या.

त्याच रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. एवढ्यात अण्णांच्या घराकडून डबा बडवल्याचा आवाज आला आणि मागोमाग हाळी, "ओऽऽ, मी हायऽऽ!" हातातला घास हातातच राहिला. चोर आला की बिबट्या? सगळी गल्ली काठ्या, टॉर्च घेऊन धावली. बघतो तर परसातल्या पाण्याच्या टाकीवर शेवंताक्का पदर खोचून उभ्या, हातात मुलानं लपवलेला डबा.

"काय झालं अक्का? कोण शिरलं?" सगळे एकदम ओरडले.

अक्कांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला की! आत्ता कुठं डोळा लागलाय ह्यांचा."