‘न्हाई’ असेल तर लिहीन

बोराटे सर गेल्याची बातमी मला मेलवर कळली. सकाळी कंपनीच्या बसमध्ये होते, बस मोशीच्या सिग्नलला नेहमीसारखी अडकली होती, आणि मी सवयीने फोनच्या ब्राउझरमध्ये ऑफिसची मेल उघडली. विषयाच्या ओळीत सरांचं पूर्ण नाव होतं आणि त्यापुढे ते ठरलेले शब्द. मेल ‘सर्व कर्मचारी’ या पत्त्यावर आली होती. त्या यादीत सरांचाही पत्ता होता, तो अजून कोणी काढला नव्हता. म्हणजे ही मेल त्यांनाही गेली असणार... एवढंच माझ्या डोक्यात आलं. रस्त्याच्या डाव्या बाजूला, दोन गल्ल्या आत त्यांचं घर. सिग्नल सुटेपर्यंत मी तिकडे बघत राहिले. शेजारच्या सीटवरच्या मुलीला काहीच बोलले नाही.

बोलणं हा माझा प्रांत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, पण घराबाहेर दोन्ही भाषांत मी गप्पच. चाकणच्या आमच्या कारखान्यात, जिथे गाड्यांची पेडलं बनतात, मी क्वालिटी विभागात लागले तेव्हा लाइनवरच्या लोकांना बरेच दिवस वाटत होतं की मला मराठी येत नाही. एकाने तर माझ्यासमोरच सरांना विचारलं, “साहेब, मॅडम मद्रासच्या का?” बोराटे सर आमच्या विभागाचे प्रमुख. ते कारखान्यातल्या सगळ्या मशिनींच्या वर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “न्हाई! चिंचवडच्या हायत. बोलत्याल हळूहळू. तुला काय घाई हाय?”

तो ‘न्हाई’ कारखान्यात प्रसिद्ध होता. सर मोशीच्या जुन्या शेतकरी घरातले. जमिनीवर आता चार मजली इमारत आणि भाडेकरू आहेत, पण भाषा त्यांनी बदलली नाही. ग्राहक कंपनीचे मोठे अधिकारी आले तरी ‘न्हाई’ तो ‘न्हाई’च. ते म्हणायचे, “क्वालिटीवाल्याला दुसरं काम काय असतं? हो म्हणायला आख्खी कंपनी बसलीय. न्हाई म्हणायला आपन.” पेडलच्या वेल्डवरून, म्हणजे जोडावरून, ते अंगठ्याचं नख फिरवत. माप तपासायचे गेज, मायक्रोमीटर नंतर, आधी नख. नख सरकन गेलं तर पुढे, अडकलं तर पेडल बाजूला. मला त्यांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं ते एवढंच, आणि नखं फार बारीक कापू नको म्हणून सांगितलं.

मग त्यांचा आवाज बसला. धुळीने असेल, म्हणून दोन महिने अंगावर काढला. तपासणीत घशात गाठ निघाली. तंबाखूला त्यांनी कधी हात लावला नव्हता. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा गळ्यावर पांढरं कापड होतं, त्यामागून श्वासाचा आवाज येत होता, आणि हातात लहान मुलांची लिहून पुसायची पाटी होती. आमचे प्लांट हेड कर्णिक सर मनाने चांगले आहेत. ते म्हणाले, “बोराटे, तब्येत सांभाळा. पिंपरीच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम आहे, बसून करता येईल. सकाळच्या मीटिंगची दगदग आता नको.” सरांनी पाटीवर लिहिलं आणि ती कर्णिक सरांसमोर न धरता आम्हा सगळ्यांना दिसेल अशी फिरवली. ‘न्हाई म्हणायला आवाज लागतो व्हय?’

त्या वेळी ते वाक्य मला धाडसाचं वाटलं. त्यात भीती किती होती ते नंतर लक्षात आलं. सकाळची मीटिंग लाइनच्या शेजारी, उभ्याने होते. कालचा खराब माल, आजची गाडी, कोणता लॉट जाणार आणि कोणता थांबणार, सगळं तिथल्या तिथे ठरतं. तिथे जो बोलत नाही त्याचं मत नसतं. हे मला आधीपासून माहीत होतं, कारण तिथे माझं मत नव्हतं.

सर रजेवर होते, मीटिंगला घरून हजर राहायचं तर कसं, हा प्रश्न होता. नव्या मॉडेलच्या गुप्ततेसाठी आमचे मोबाइल गेटवर जमा होतात. कंपनीचा लॅपटॉप आजारी रजेवर घरी देत नाहीत, चॅट बाहेरून उघडत नाही. बाहेरून उघडत होती ती फक्त ऑफिसची मेल, तीही ब्राउझरमधून. सरांना मेलचा राग होता. “पत्रं काय लिहिता, समोर या की!” असं ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ओरडायचे. पण मुलाच्या इंजिनीअरिंगच्या काळातला जुना कॉम्प्युटर घरात होता. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्यावरचं क्रोशाचं झाकण काढलं आणि कंपनीच्या आयटी विभागातला एक पोरगा पत्ता, पासवर्ड सगळं समजावून आला. सरांनी त्याला पाटीवर विचारलं म्हणे, ‘म्हंजे हापिस घरी येनार का मी हापिसात?’ तो म्हणाला, “सर, कसंही समजा.”

मग अशी पद्धत पडली. मीटिंगच्या टेबलावर स्पीकरचा फोन ठेवायचा आणि सरांच्या घरी लावायचा. ते तिकडे ऐकणार, बोलायचं असेल ते मेलमध्ये लिहून पाठवणार, आणि लॅपटॉपवर जे येईल ते मी मोठ्याने वाचणार. मीच का? “तिला मधे स्वतःचं काही घालायची सवय नाही,” असं कोणीतरी म्हणालं. ते खरं होतं. सरांनी एक नियम घालून दिला, कारण ते दोन बोटांनी टाइप करायचे आणि प्रत्येक गोष्टीवर लिहिणं शक्य नव्हतं. पहिल्याच मेलमध्ये होतं, ‘मी काही लिहिलं न्हाई तर हो समजा. न्हाई असेल तर लिहीन.’

पहिल्या दिवशी मी वाचलं ते मलाच ऐकू आलं नसेल. लगेच दुसरी मेल आली आणि मी तीही जशीच्या तशी वाचली, “मोठ्यानं वाच पोरी, तावरेला ऐकू जायला नको का.” सगळे हसले. तावरे आमचे डिस्पॅचचे, म्हणजे माल रवाना करणारे प्रमुख, सरांचे जुने मित्र आणि रोजचे भांडणारे. त्यानंतर सरांनी सांगितलं, कंसातलं वाचायचं नाही, ते फक्त तुझ्यासाठी. आठवडाभर जमलं. मग एके दिवशी तावरे मालाची अडचण समजावत असताना घाईत मी सगळंच वाचून गेले, “पॅकिंग कधी झालं ते विचार, कंस, तावरे बंडल मारतोय, तोंड बघ, कंस पूर्ण.” मी ‘कंस पूर्ण’सुद्धा म्हणाले. तावरे फोनवर वाकले. “अहो साहेब, तिथनं तोंड दिसतं का माझं?” फोनमधून काकूंच्या कुकरची शिट्टी तेवढी आली. मग मेल आली, मी वाचली, “दिसायला कशाला पायजे. इतकी वर्सं तेच हाय.”

हळूहळू एक गोष्ट घडत गेली, आणि ती मी कायम थक्क होऊन बघत राहिले. लोक माझ्याकडे बघेनासे झाले. मी वाचत असायचे आणि ते उत्तर फोनला द्यायचे, “साहेब, तसं नाही हो,” “साहेब, उद्यापर्यंत करून देतो.” शब्द माझ्या तोंडून निघत होते, पण कोणालाच तो आवाज मुलीचा वाटत नव्हता. सर रोमन लिपीत मराठी लिहीत. माझ्यासारखीला ते सोयीचं होतं. पण त्यांचे ‘हाय’ आणि ‘न्हाई’ वाचताना माझा स्वरच बदलायचा, मान थोडी वर व्हायची. ज्या पानावर आम्ही रजेचे अर्ज आणि कँटीनची सूचना वाचतो, त्याच पानातून एक आख्खा माणूस त्याच्या रागासकट, थट्टेसकट रोज सकाळी मोशीहून चाकणला येत होता. ट्रॅफिकमध्ये न अडकता... हे तावरे म्हणायचे.

आणि मग महिनाअखेरीची ती सकाळ. बाहेर रस्ता रुंद करताना कोणीतरी जेसीबीने केबल तोडली आणि टेबलावरचा फोन बंद पडला. इंटरनेट चालू होतं. एका लॉटच्या वेल्डवर कडेला बारीक खाच दिसत होती. गेजमध्ये माल बसत होता, अगदी काठावर, पण बसत होता. गाडी भरायला उभी होती आणि माल वेळेत गेला नाही तर ग्राहकाची लाइन दुपारी थांबली असती. मी विभागाच्या कॅमेऱ्याने फोटो घेतले, सगळं लिहून सरांना मेल केली आणि आम्ही थांबलो. मी पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत होते. काही नाही. तावरे म्हणाले, “सर, गेजमध्ये बसतंय. पेपरवर माल चांगला आहे.” कर्णिक सरांनी आणखी थोडी वाट बघितली. मग ते म्हणाले, “बोराट्यांचाच नियम आहे. काही आलं नाही म्हणजे हो. भरा गाडी.”

पेडल माझ्या हातात होतं. मी नख फिरवलं. अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. ब्रेकचं पेडल होतं ते. कोणाच्या तरी पायाखाली जाणारं.

“साहेब न्हाई म्हणतायत,” मी म्हणाले.

स्क्रीनवर काही नव्हतं. मी स्क्रीनकडे बघितलंही नव्हतं. तावरे म्हणाले, “आली का मेल?” मी पेडल त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी नख फिरवलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, फोनकडे नाही, माझ्याकडे. कर्णिक सर म्हणाले, “ठीक आहे. साहेब म्हणत असतील तर थांबवा.” लॉट बाजूला गेला, एकेक पेडल पुन्हा तपासलं गेलं, काही परत वेल्डला गेली. गाडी उशिरा निघाली, ग्राहकाची बोलणी खावी लागली. तसाच माल गेला असता तर काय झालं असतं, ते कोणालाच सांगता येणार नाही. ब्रेक लागला, याची बातमी होत नसते.

जेवणाच्या सुट्टीनंतर सरांची मेल आली. सकाळी त्यांनी लांबलचक लिहिलं होतं. दोन बोटांनी लिहिता लिहिता वेळ गेला, पाठवायचं बटण दाबलं तर पान आपोआप बंद होऊन पुन्हा पासवर्ड मागायला लागलं आणि लिहिलेलं सगळं गेलं. मग औषधाने डोळा लागला. शेवटी एकच ओळ होती, ‘मीटिंगमदी मी काय बोललो?’

मी जे घडलं ते सगळं लिहिलं. त्यांचं नाव घेतलं, मेल आली नव्हती, नख अडकलं, सगळं. पाठवून बसले. उत्तर लगेच आलं, दोनच शब्द.

‘बरं बोललो.’

कर्णिक सरांनाही त्यांनी त्या दिवशी वेगळी मेल केली, हे मला पुढे कर्णिक सरांकडूनच कळलं. ‘सकाळचा न्हाई माझाच हाय,’ एवढंच त्यात होतं. ज्या माणसाकडे आता ‘नाही’शिवाय काही उरलं नव्हतं, त्याने तो असा दुसऱ्याच्या हातात देऊन टाकला... मी अजून त्यापाशी थांबते.

शेवटचं भेटले ते मोशीच्या घरी. सर खूप उतरले होते, पण खुर्ची कॉम्प्युटरसमोरच होती. काकू पोहे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “बघ गं, अंथरुणावर पडा म्हटलं तरी ऐकत न्हाईत. मीटिंग हाय म्हनत्यात.” मी धीर करून विचारलं, “सर, त्या दिवशी हरवलेल्या मेलमध्ये काय होतं? हो होतं की नाही?” त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण ते हसत होते. पाटीवर लिहिलं, ‘तेवडंच न्हाई आटवत बग.’

ते गेल्यावर काकूंना भेटायला गेले. कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण परत आलं होतं. काकू म्हणाल्या, “मी पन इचारलं हुतं, काय लिवलं हुतं त्या दिशी म्हनून. पाटीवर लिवलं, ‘तुला काय करायचंय.’” आणि त्या हसता हसता पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

सरांचं मेलखातं आता बंद झालं आहे. पण टेबलावरचा फोन कोणी उचलून ठेवलेला नाही, आणि मीटिंग संपताना कर्णिक सरांच्या तोंडून अजून निघतं, “साहेबांचं काही?” पहिल्या दिवशी सगळे गोठले होते. आता तो प्रश्न मीटिंगचाच भाग झाला आहे. परवा एका लॉटवर माझं नख अडकलं. मी ‘न्हाई’ म्हणाले, या वेळी कोणाचंही नाव न घेता. गाडी भरायला उभी होती. तावरेंनी फोनकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे. मी पान रिफ्रेश केलं.

“काही आलं?”

“नाही.”

“मग साहेबांचं हो आहे,” ते म्हणाले आणि गाडी थांबवायला निघाले.