भात्याला गाल लावणारा

लालबागच्या त्या पेटीवाल्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आमच्या भजनी मंडळाची पेटी दुरुस्तीला नेली, तर तो पट्ट्यांना हातही न लावता भात्याला गाल लावून बसला. वारा कुठून निसटतोय ते त्याच्या गालालाच कळायचं.

मी त्याच्या दुकानातल्या बाकावर लॅपटॉप उघडून रडकुंडीला आलो होतो. सकाळपासून एक कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारं सॉफ्टवेअर, मूळ कोडवरून तयार करत होतो. तो तयार झाला, पण त्याच्या चाचण्या शेकड्यांनी नापास होत होत्या. संध्याकाळी ऑफिसात द्यायचा होता, आणि मी एकेक चूक वाचत बसलो होतो.

"काय झालं रे?" त्याने गाल न उचलता विचारलं. मी सांगितलं.

"एक सूर बिघडला तर सूर बघायचा. सगळेच एकदम बिघडले, तर सुरांना कशाला छळतोस?"

मी चुका सोडून लॅपटॉपच तपासला. डिस्क काठोकाठ भरलेली. चाचण्यांना फायली लिहायला जागाच नव्हती. जागा करून त्या पुन्हा चालवल्या आणि जीव भांड्यात पडला.

"फक्त एक नापास राहिली," मी म्हणालो.

"आता ती बघ," तो म्हणाला, आणि त्याने पहिल्यांदा पट्टीवर बोट ठेवलं.