मोरेबाई आणि न सापडणारी डिस्क

श्रीवर्धनच्या आमच्या महाविद्यालयात मी संगणक प्रयोगशाळेची साहाय्यक म्हणून रुजू झाले, त्या सकाळी विभागप्रमुख शकुंतला मोरेबाई टेबलाखाली होत्या. मला फक्त साडीचा काठ आणि बाजूला काढून ठेवलेल्या चपला दिसत होत्या. "कोण आलंय? आलीच आहेस तर ती बॅटरी धर," असा खालून आवाज आला. मी बॅटरी धरली. एकमेकींची नावं विचारायचं आम्हाला बऱ्याच वेळाने सुचलं.

त्या बाई आता साठ वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले, तेव्हा त्यांच्या एवढ्या वर्षांच्या कामातून माझ्यासमोर एकच आठवडा उभा राहिला. बाईंना ओळखायला तो पुरेसा आहे.

माझ्या नोकरीचं ते दुसरं वर्ष होतं. प्रयोगशाळेतली जुनी यंत्रं थकली होती. संस्थेने नवीन घेऊन दिली, पण एक अट घातली. सत्र सुरू होईपर्यंत ती चालू झाली नाहीत, तर संगणकाचा वर्ग संस्थेच्या अलिबागच्या महाविद्यालयात हलवायचा. ऐकायला हे साधं वाटतं. पण बाजारपेठेमागे राहणाऱ्या हमीदाबी आपल्या रुबिनाचा प्रवेश घ्यायला आल्या होत्या, त्यांनी आम्हाला स्पष्टच सांगितलं होतं, "अलिबागला नाय धाडायची मी तिला. हितं शिकवता तर शिकवा, नायतर घरी बसंल." असं उघड बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या, मनात तेच असलेल्या घरांची मोजदाद कोण करणार!

खोकी उघडली, ऑपरेटिंग सिस्टीमची सीडी घातली, आणि एकजात सगळ्या यंत्रांवर तोच संदेश आला: हार्ड डिस्क सापडली नाही.

पुरवठादाराच्या माणसाने मान हलवली. "मॅडम, इथली हवा खारी. डिस्क गेल्या."

आपल्याकडे पंखा अडकला, कुलूप गंजलं, टीव्ही बिघडला, तरी दोष खाऱ्या हवेचा. प्राचार्यांनीही तो लगेच मान्य केला. बाई म्हणाल्या, "कालपर्यंत ही थर्माकोलात होती. हवा आत शिरली कुठून? सुट्टीला आली होती काय?"

मग त्यांनी प्राचार्यांना खुर्चीवर बसवून समजावलं. "सर, पोस्टमनला घर सापडलं नाही म्हणून घरातलं माणूस मेलं, असं होतं का? ही सीडी जुनी आहे, डिस्कची जोडणी नव्या पद्धतीची आहे. तिथवर पोचायला ड्रायव्हर, म्हणजे वाट दाखवणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो, तो सीडीत नाही. तो आपण घालायचा."

"मग घाला की, मोरे मॅडम."

"सीडी तो फ्लॉपीवरूनच मागते. आणि या यंत्रांना फ्लॉपीची फटच नाही."

पुरवठादाराच्या माणसाने पळवाट सुचवली: यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये डिस्कची जुनी पद्धत निवडायची, काम तासाभरात होईल. मला हायसं वाटलं. माझी नोकरी हंगामी होती आणि वर्गाबरोबर तीही जाणार होती. पण बाईंनी नकार दिला. "वीज जाते, मे महिनाभर यंत्रं बंद असतात. आतल्या मदरबोर्डावरचा सेल उतरला की सेटिंग पूर्ववत होणार आणि यंत्र उठणारच नाही. ऐन परीक्षेत मुलींनी काय करायचं?"

त्यांनी सीडीतल्या सगळ्या फायली जुन्या यंत्रावर उतरवल्या, मदरबोर्डासोबत आलेल्या वेगळ्या सीडीतला डिस्कचा ड्रायव्हर त्यांत मिसळला आणि नवी सीडी तयार केली. ती सुरूच झाली नाही. पुढच्या सीडीने डिस्क ओळखली नाहीच, उलट निळा पडदा दाखवून यंत्र थांबवलं. मी रडकुंडीला आले होते. बाईंनी चष्मा पुसला, बोर्डावरच्या चिपचा नंबर पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "माझीच घाई. नाव वाचलं, पुढचा आकडा वाचला नाही. ड्रायव्हर भावकीतला आहे, पण घरचा नाही."

शनिवारी दुपारी घरचा ड्रायव्हर घातलेली सीडी फिरली आणि पडद्यावर डिस्कचं नाव आलं. मी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "टाळ्या नंतर. आधी चहा सांग. आणि हमीदाबींना निरोप पाठव, सोमवारी मुलीला घेऊन या म्हणावं."

बाईंची माया अशीच कामाच्या ओघात येते, वेगळी दाखवली जात नाही. माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला, त्या वर्षी मी राजीनामा लिहून नेला होता. बाईंनी तो वाचला आणि विचारलं, "सकाळी त्यांचं आवरून निघायला किती वाजतात?" दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेतला माझा पहिला तास त्या घेऊ लागल्या. वर्षभर घेतला. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "तू दोन घास खाऊन ये. उपाशी माणूस चुकीच्या वायरी ओढतो."

गेल्या वर्षी पुन्हा नवे संगणक आले. सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे, पण पडद्यावर डिस्कची यादी पुन्हा कोरीच. मी बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीपाशी भुईमुगाच्या शेंगा सोलतच राहिल्या. मी चिपचा नंबर शोधला, आकड्यासकट वाचला, ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घातला. यादीत डिस्क दिसली तेव्हा त्यांनी सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले. एवढं मोठं प्रशस्तिपत्रक मला आजवर मिळालेलं नाही.

वर्ग अजून श्रीवर्धनातच आहे. रुबिना शिकली, आणि आता बाजारात तिचं हिशेबाचं आणि ऑनलाइन अर्जांचं ऑफिस आहे. हा लेख लिहिण्यापूर्वी मी तिथे गेले. ती फोनवर कुणा गिऱ्हाइकाला झापत होती. बाजूला हमीदाबी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी म्हटलं, "मोरेबाईंची साठी आहे. तुमच्याकडून काय लिहू?"

त्या लेकीकडे बघत म्हणाल्या, "लिव्हा, माजी पोरगी हितंच हाय." आणि पुढे म्हणाल्या, "आन् बाईंना म्हणावं, गुडघे सांभाळा. अल्ला तुमाला लय वर्सं ठेवो."

बाई, माझंही मागणं हेच आहे. तुमची तब्येत ठणठणीत राहो, नजर अशीच बारीक राहो, आणि आयुष्य एवढं लांब असो, की अजून बालवाडीत असलेल्या रुबिनाच्या धाकटीलाही तुमच्याच समोर बसून शिकता यावं.