क्रियापद येऊ दे

"थांब. क्रियापद येऊ दे."

अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या मावशींचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आजही कुणी बोलत असताना मध्येच तोंड उघडलं तर मला ते ऐकू येतं. लोकांची वाक्यं तोडायची मला वाईट खोड आहे. मावशींनी ती पहिल्या भेटीतच ओळखली होती.

त्या मूळच्या नागपूरच्या. इथल्या शाळेत लॅटिन शिकवून रिटायर झालेल्या. "लॅटिन काय, मराठी काय, क्रियापद बहुतेक शेवटीच. अमेरिकन पोरांना धीर नसतो ते समजू शकते. तुझं काय?" असं मला विचारायच्या. फारसा कुणाला माहीत नसलेला एक जुना रोमन कवी त्यांनी मराठीत आणायला घेतला होता. त्यानं अख्खं ज्योतिष पद्यात लिहून ठेवलंय. दर रविवारी दुपारी त्या सांगायच्या आणि मी टाइप करायचो.

ज्योतिष म्हटल्यावर आपली मंडळी कशी गप्प बसतील? तुम्हीही पाहिली असतील अशी. समोरच्या काकू मुलाची पत्रिका घेऊन आल्या. मावशींनी चष्मा लावून ती नीट वाचली, लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि परत दिली. "बाकी मुलगा चांगला आहे," म्हणाल्या. काकू महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मी एकदा विचारलं, "माणसाचं सगळं जन्मतानाच ठरतं, असं म्हणतो ना तो? पटतं तुम्हाला?"

"मला त्याचं व्याकरण पटतं."

मग त्यांच्या डोक्यात डाव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन गुरुवारी ठरलं. जीव वाचेल, पण बोलणं राहील याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मावशींचा मला फोन आला. "शेवटचं पान राहिलंय. रविवारची वाट बघू नकोस, ये."

बुधवारी दुपारी मी सिक लीव्ह टाकून गेलो. त्यांची मुलगी रिया चार वाजता त्यांना हॉस्पिटलला न्यायला येणार होती. मावशी भराभर सांगत होत्या. मधेच शब्द अडायचा, की त्या टेबलाची कड घट्ट धरायच्या. मला भीती वाटत होती आणि मी घड्याळाकडे बघायचं टाळत होतो.

शेवटचं वाक्य आलं. "ज्यांना कुणी नावं ठेवली नाहीत... नको, 'नावं दिली नाहीत' लिही. नावं ठेवायला आपली मंडळी आहेतच." मी हसलो, त्या हसल्या नाहीत. "ज्यांना कुणी नावं दिली नाहीत, ते तारेसुद्धा रात्रभर आपापल्या जागी..."

ओठ हलले, पण पुढचा शब्द येईना. बाहेर गाडीचं दार वाजलं.

"'चमकतात'?" मला राहवलं नाही.

"तू भरू नकोस." इतक्या कडक आवाजात त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. "दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं नसतं."

रिया आत आली. "आई, प्लीज. इनफ. वी आर लेट."

"परत आले की सांगते," मावशी मला म्हणाल्या आणि उठल्या.

ऑपरेशन नीट झालं. दहा दिवसांनी मी भेटायला गेलो. पाणी, खिडकी, रिया, माझं नाव, सगळी नामं शाबूत होती. क्रियापदं तेवढी गेली होती. "शी नोज एव्हरीथिंग, दादा," रिया म्हणाली. "शी जस्ट कान्ट फिनिश." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तरी मी लॅपटॉप उघडून ते वाक्य वाचलं. मावशींनी डोळे मिटून ऐकलं. कपाळावर आठ्या आल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. माझ्या जिभेवर पाच-सहा क्रियापदं वळवळत होती. शेवटी मी तोंड उघडलं.

"थांब," मावशी म्हणाल्या.

अगदी स्पष्ट. त्यांच्याकडे तेवढं एकच क्रियापद उरलं होतं आणि ते त्यांनी माझ्यावर खर्च केलं. मी थांबलो. रिया खिडकीकडे तोंड करून रडत होती.

मावशींना जाऊन आता वर्ष होईल. मला त्यांची फार आठवण येते. पुस्तक छापायला दिलंय. गेल्या आठवड्यात पुण्याच्या छापखान्यातून फोन आला. "साहेब, शेवटच्या वाक्यात क्रियापद राहिलंय."

मी त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं.

"हो, राहिलंय," म्हटलं. "तसंच राहू द्या."